कच्चा सवाल

“कच्चा हाय,” उकंडराव म्हणाला आणि तंबाखू थुंकायला उठला.

कडूबानं डफावरचा हात उचलला. हा सवाल रचायला त्याचा आठवडा गेला होता. उकंडरावानं त्याचा जवाब एका दमात, त्याच चालीत आणि वर हसत हसत दिला होता. ओसरीवरचे बाकीचे गडी गालातल्या गालात हसले.

उकंडराव म्हणजे सुलतानपूरच्या कलगीवाल्यांचा वस्ताद. जत्रेत कलगी आणि तुरा असे दोन फड समोरासमोर बसायचे. एकानं गाण्यात कोडं घालायचं, दुसऱ्यानं त्याच चालीत ते सोडवायचं. कलगीवाले शक्तीची थोरवी गाणार, तुरेवाले शिवाची. कडूबा मळ्यात भाजीपाला पिकवायचा, तिशी ओलांडलेला बाप्या होता. त्याला ध्यास एकच, आपलं स्वतःचं गाणं कलगीच्या फडात उभं राहून म्हणायचं.

आणि वस्ताद त्याला कलगीचं गाणं रचूच देत नव्हता. बाकीच्यांना देवीची कवनं, याच्या वाट्याला मात्र कायम तुऱ्याची बाजू. तू समोरचा आहेस असं समज आणि मला अडव, म्हणायचा. कडूबा अडवायला जायचा आणि तोंडावर आपटायचा. पुराणातला दाखला घातला की वस्ताद म्हणायचा, हे पोथीतलं झालं, यात तुझ्या मळ्यातलं काय आहे? मळ्यातलं घातलं तर यमक लंगडं. यमक जुळवलं तर चाल सुटली. असल्या माणसापुढे नारद शिकायला बसला असता तरी त्यानं वीणा फोडली असती.

दिवाळीत तर वस्तादानं हद्द केली. कडूबाला सगळ्यांपुढे उभं करून पाठीवर वीत लावली, मग खांद्यावर, मग दंडावरून थेट मनगटापर्यंत. शरीर दीड माणसाचं आहे, म्हणाला, अक्कल कुठं मावली कोण जाणे. लोक पोट धरून हसले. कडूबाही हसला, पण घरी जाऊन जेवला नाही.

त्या साली गावात निराळीच कुजबुज होती. धाड गावचा रंगराव, तुऱ्याचा म्हातारा वस्ताद, थकला होता. त्याचे गडी कोणी वारले, कोणी पांगले. मागच्या जत्रेत तो सवाल अर्धा टाकून धापा टाकत खाली बसला होता. सरपंच महादेवराव म्हणाले, समोर फडच नसेल तर पुढच्या जत्रेला तंबूतला सिनेमा आणू. मुंबई-नागपूर एक होऊन नवं राज्य आलंय, लोकांनाही नवं काही पाहू द्या. उकंडराव तंबाखू मळत ऐकत होता.

संक्रांतीला कडूबानं नवा सवाल म्हटला. या वेळी उकंडरावाला जवाब द्यायला जरा वेळ लागला. मग डफ बाजूला ठेवून तो म्हणाला, “कडूबा, तुह्यापासून कलगी होणार नाही. उद्यापासून येऊ नको. भाजी वीक.”

“वस्ताद, चुकलं काय ते तं सांगा.”

“जा म्हनलं ना.”

इतकी वर्षं पाण्यात गेली. कडूबाला रडू आलं आणि रडू आल्याचा संतापही आला. दुसऱ्या दिवशी त्यानं डोकं फिरल्यासारखी एसटी पकडली आणि थेट धाडला रंगरावाचं दार गाठलं. कलगीच्या माणसानं तुऱ्याच्या दारात जाणं म्हणजे बाटण्यासारखंच. काय काय सांगायचं ते कडूबानं वाटभर जुळवलं होतं. रंगरावानं काहीच विचारलं नाही. आधी जेवून घे, एवढंच म्हणाला.

जेवण झाल्यावर रंगरावाच्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईनं, पेटीतून नवाकोरा पांढरा अंगरखा काढला. रंगराव स्वतः काडीसारखा. अंगरखा कडूबाच्या खांद्यांवर सुरकुती न पडता बसला. इथं निदान माणसाला माणूस समजतात, असं वाटून त्याला भरून आलं.

चैत्रात जत्रा भरली. कलगीवाल्यांनी कडूबाला तुऱ्याच्या बाजूला पाहिलं आणि शिव्यांची लाखोली वाहिली. कडूबा उभा राहिला. नजर उकंडरावावर रोखून, शिवी हासडावी तसा त्यानं सवाल टाकला:

“वेल चढला मांडवावरी, हौस फुलाची भारी,
शेंडा खुडला ज्या हातानं, तो माळी का वैरी?”

मळेवाल्या बाया एकमेकींकडे बघून हसल्या. शेंडा खुडल्याशिवाय दुधीला फुटवे येत नाहीत आणि फुटव्यांशिवाय फळ धरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. कडूबाही दर साली आपल्या हातानं शेंडे खुडायचा. रागाच्या भरात ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

उकंडरावानं डफ उचलला. थाप मारली, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. लोक वाट बघत राहिले. शेवटी त्यानं डफ मांडीवर उतरवला.

हरलेल्यानं आपला डफ जिंकणाऱ्याच्या हाती द्यायचा, ही रीत. उकंडराव चालत आला, डफ दिला. “पक्का हाय,” एवढंच म्हणाला आणि गर्दीत शिरला. महादेवरावांनी लगेच जाहीर केलं, सिनेमा राहू द्या, पुढच्या सालीही हेच दोन फड. कडूबाला वाटलं, फिटलं. म्हाताऱ्याची चांगली जिरवली.

पालावर परतल्यावर तो घामानं भिजलेला अंगरखा उतरवत होता. मी येणार हे तुम्हांला कुठं माहीत होतं, त्यानं अन्नपूर्णाबाईला हसत विचारलं, मग एवढा मोठा अंगरखा कोणासाठी शिवून ठेवला होता?

“तुह्यासाठीच,” ती म्हणाली. “दिवाळी झाल्यावर उकंडराव आले होते. म्हने, तुमच्यासाठी गडी घडवून राह्यलो, तयार झाला की हाकलतो. माप त्याईनंच देल्लं, वितेनं मोजलेलं.”