सुई की सिमेंट

“खरं सांग, मला नुसती सुईच टोचलीत ना?” आईनं विचारलं.

तिची लेक त्याच वॉर्डात नर्स होती. ती उशी सारखी करत राहिली. “सांगता येत नाही, आई. नियमच आहे तसा.”

आईची आणि शेजारच्या कॉटवरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची पाठ एकाच आठवड्यात गेली होती. हाडं ठिसूळ, वाकायचं निमित्त झालं आणि मणका दबला. दोघींनी नव्या उपचाराच्या चाचणीच्या कागदावर सही केली होती. निम्म्या पेशंटच्या मणक्यात हाड सांधणारं सिमेंट भरायचं, निम्म्यांना नुसती सुई टोचून तसं भासवायचं. सिमेंटचा उग्र वास मात्र सगळ्यांनाच द्यायचा. कुणाला काय, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. पाकिटं फोडायचं काम लेकीचं. पेशंटला वर्षभर काही कळू द्यायचं नाही.

चौथ्या दिवशी बाई कुणाचाही हात न धरता जिना उतरल्या. महिन्याभरात शिलाई मशीनवर बसल्या. आई भिंत धरून जेमतेम बाथरूमपर्यंत जायची. दुखणं दहापैकी किती, असं दवाखान्यातून फोनवर विचारलं की म्हणायची, “आठ. लिहा आठच.”

एक दिवस ती लेकीवर उखडलीच. “परकी बाई ताठ चालते, आणि पोटची पोर तिथं उभी असून माझ्या वाट्याला सोंग! तुझ्या डोळ्यांदेखत फसवलं मला.”

आई बॅग भरून लेकीच्या घरून मुलाकडे राहायला गेली.

वर्ष सरलं. डॉक्टरांनी दोघींना एकत्र बोलावून कागद उघडला.

“आजी, तुम्हाला सिमेंट भरलं होतं. आणि बाई, तुम्हाला नुसती सुई.”

आईचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं लेकीचा हात घट्ट धरला. “नाही नाही ते बोलले गं तुला.”

बाई खुर्चीतून उठल्या आणि वर्षात पहिल्यांदाच कमरेवर हात ठेवून थांबल्या.

“म्हणजे फसवलंच की मला,” त्या हळूच म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. “तुमच्यावर राग नाही हो, सिस्टर. माझ्या चिठ्ठीतच सुई होती, तुम्ही तरी काय करणार?”

लेकीला मान वर करता आली नाही. बाईंच्या चिठ्ठीवर ‘सिमेंट’ लिहिलेलं होतं. तिनंच ती आईच्या पाकिटात घातली होती.