कर्नाटकात गेलेलं लातूर

पडद्यावर नकाशा उघडला आणि लातूर कर्नाटकात गेलं.

धम्मप्रिया पडद्याजवळ सरकली. मांजरा नदी पानाच्या कडेवरून खाली ओघळली होती. गावांची नावं एका कोपऱ्यात ढिगानं पडली होती, जोडाक्षरं तुटली होती, काही ठिकाणी तर अक्षरांऐवजी नुसते चौकोन. कॉलेजचे कॉम्प्युटर सांभाळणारा मोहसीन फाइल पुन्हा पुन्हा बंद करून उघडत होता. दर वेळी लातूर कर्नाटकातच.

"लातूर तिकडं नेलं की हो म्याडम! तिथल्या लोकांना इचारलं तरी का?" संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. मुलाखत घेणारे बाकीचे तिघेही हसले. अध्यक्षांनी विनोद केला की संस्थेत न हसणारा अजून जन्माला यायचा होता.

"सर, माझ्या लॅपटॉपवर विंडोज नाही, उबुंटू आहे. इथं ते फाँट नाहीत म्हणून सगळं हललंय. मी माझा लॅपटॉप जोडते, लगेच दिसेल."

"बाहेरचा लॅपटॉप चालत न्हाई. पत्रात लिव्हलं होतं."

"पीडीएफ पण आणलीय सर."

"पीपीटीच पाहिजे, हे बी लिव्हलं होतं. नियम सगळ्यांना सारखाच हाय, बाई."

नांदेडच्या एका दुकानातून तिनं तो जुना लॅपटॉप घेतला तेव्हाच त्यावर उबुंटू होतं. अख्खी पीएचडी तिनं त्याच्यावर लिहिली, कधी अडलं नाही. अडायचं ते नेमकं आज. भूगोलाची पूर्णवेळ जागा कितीतरी वर्षांनी निघाली होती, आणि हदगावला तासावर शिकवता शिकवता तिची पस्तिशी उलटली होती. ही हुकली की पुन्हा तेच, जूनमध्ये बोलावणं आणि मार्चमध्ये घरी.

"मग पडदा बंद करा," ती म्हणाली. "मी तोंडी शिकवते."

आणि तिनं शिकवलं. पाटोद्याच्या डोंगरातून निघालेली मांजरा तिनं हातानं हवेत काढली, लातूरवरून नेली, कर्नाटकात घातली, तेलंगणाला शिवून गोदावरीला मिळवली. मोहसीन मान वर करून ऐकत राहिला. विद्यापीठातून आलेले तज्ज्ञ मोबाइल बघत होते.

"पुरे," अध्यक्ष म्हणाले. "मुलाखतीला येताना तयारी करून यायचं असतंय."

ती बाहेर आली. बाकावर रामकिशन बसला होता, पुढचा उमेदवार. सकाळपासून सगळे पेनड्राइव्ह मुठीत धरून बसलेले, आणि ह्याचे हात मोकळे. तिला त्याची कीव आली होती. माझ्याकडं जास्तीचा पेनड्राइव्ह आहे, फाइल मेलवर असेल तर त्यात घेऊन देते, असंही ती म्हणाली होती. "असू द्या ताई," म्हणून तो हसला होता.

आता त्याचं नाव पुकारलं. तो रिकाम्या हातांनीच आत गेला.

धम्मप्रिया पायऱ्यांपर्यंत पोचली तोच मोहसीन मागून धावत आला.

"म्याडम, पेनड्राइव्ह राहिला तुमचा." तो तिथंच घुटमळला. "मनाला लावून घेऊ नका. लई चांगलं शिकवलं तुम्ही. मला बी कळलं, बघा."

"पण दिसलं नाही ना काही."

"तेच म्हणून राहिलो मी. पुढच्या वक्ताला इथंच येऊन बनवत जा. आमच्याच मशिनवर. रामकिशन सरांचं आपण इथंच बसून केलं, दिवाळीच्या सुट्टीत. मांजरा खोरं, नकाशे, सगळं. एक अक्षर हलत न्हाई."

तो खरंच तिच्या भल्याचं सांगत होता. त्याच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं.

जागेची जाहिरात संक्रांतीनंतर आली होती. मांजरा खोरं शिकवायचं आहे, हे तर उमेदवारांना गेल्या आठवड्यातल्या पत्रात कळलं होतं.

ती वळली. मोहसीननं घाईत दार नीट लावलं नव्हतं. आतून अध्यक्षांचं "वा, वा" ऐकू येत होतं, आणि फटीतून पडदा दिसत होता.

लातूर जिथल्या तिथं होतं.