दुःखाची एक ओळ

२०११ साली माझ्या धाकट्या बहिणीचा सातवा अल्बम आला. शब्द, चाल, आवाज सगळं तिचंच. आधीच्या सहा अल्बममध्ये नुसतं विरहाचं रडगाणं होतं. हा मात्र गिटारवरचा, पाय थिरकवणारा. कॉलेजातली पोरं नाचली. जुने चाहते हिरमुसले, "लग्न काय झालं, बाईंच्या गळ्यातलं दुःखच गेलं!" कंपनीने बजावलं, पुढचा अल्बम दुःखी हवा, नाहीतर करार संपला.

धाकटी रोज वही घेऊन बसायची, पण दुःखाची एक ओळ सुचेल तर शपथ! शेवटी भावोजींनीच बॅग भरली. पेशाने शिंपी, पण बायकोवर भारी जीव.

"महिनाभर मित्राकडे राहतो. फोनसुद्धा करणार नाही. तू मनसोक्त झुर."

"अहो, पण तुम्हाला करमेल का?"

"माझं सोड गं. तुझं गाणं महत्त्वाचं."

महिन्याने परतले, तेव्हा धाकटीची दहा गाणी तयार होती, एकाहून एक आनंदी. भावोजींनी मात्र कापडाच्या मापांच्या वहीत पानंच्या पानं विरह लिहून आणला होता.


करार टिकला. जुने चाहते परत आले आणि "बाईंनी किती सोसलंय!" म्हणून डोळे पुसू लागले. भावोजींनी शिवणयंत्र विकलं. आणि प्रत्येक नव्या अल्बमच्या आधी धाकटी त्यांना महिनाभर मित्राकडे धाडते, अगदी हौसेने.