लोण्याची लाकडी सुरी

“कुणाला खरं वाटणार नाही, गुनवोर!” स्टॉकहोमहून परतलेल्या हिल्डिंगने दारातूनच बायकोला सांगितलं. “आपली हरवलेली सुरी कावळ्याने पळवली होती. शहरातल्या घरसजावटीच्या दुकानात काचेच्या कपाटात सापडली! तीन बायका तिच्यासाठी झिंज्या उपटत होत्या, मी हिसकावून आणली.” लोण्याची ती लाकडी सुरी त्यांच्या आर्विडने शाळेत सुतारकामाच्या तासाला घडवली होती. आर्विडला समुद्राने नेलं, तेव्हापासून गुनवोरला न्याहारीला तीच लागायची. सोमवारी हिल्डिंगनेच चुकून ती काटक्यांबरोबर चुलीत सारली होती. विकत घेतलेल्या सुरीवर त्याने परतीच्या गाडीत खिळ्याने मुलाचं आद्याक्षर कोरलं होतं. गुनवोरने त्या अक्षरावरून अंगठा फिरवला. मग काळ्या पावावर लोणी फासून पहिला तुकडा तिने नवऱ्याच्याच ताटलीत ठेवला. “कावळा म्हणे! म्हाताऱ्या, धार बघ, ही उजव्या हाताची सुरी आहे. आपला आर्विड डावखुरा होता.”