तुमच्यात चालतं

लॉन्ड्रीच्या तळघरात प्रौढांचा साक्षरता वर्ग भरायचा. पोटासाठी या शहरात आलेली चार मुलखांची माणसं, चार तऱ्हा. कुणाच्या चालीरीतींत नाक खुपसायचं नाही, असं बाईंना प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि त्यांनी त्याची खूणगाठच बांधली होती.

म्हणून वर्गातल्या इस्त्रीवालीचा नवरा तिला न्यायला यायचा आणि दारातच थोबाडीत ठेवून द्यायचा, तेव्हा बाई फळ्याकडे वळून पुढचं अक्षर काढायला घ्यायच्या. मागे अख्खा वर्ग हाताची घडी, तोंडावर बोट.

त्या संध्याकाळी त्याने तिला वेणीला धरून ओढलं आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. त्यानंतर ती ओरडलीच नाही. बाईंच्या हातातला खडू मोडला, पण मान काही वळली नाही.

तिच्या मातीला जाऊन आल्यावर बाई चौकट घासायला बसल्या. डाग निघता निघेना. मदतीला वर्गातलीच, तिच्या मुलखातली एक स्वयंपाकीण होती.

"तुमच्यात असंच चालतं का हो?" बाईंनी शेवटी विचारलं.

स्वयंपाकिणीने फडकं बादलीत आपटलं. "आमच्यात? आमच्यात बायकोवर हात उचलणाऱ्याला बाया चपलेने बडवत गल्लीबाहेर काढतात!"

"मग तुम्ही सगळ्या गप्प का बसलात?"

"मुलूख तुमचा, वर्ग तुमचा. तुम्ही रोज पाठ फिरवायचात, बाई. आम्हाला वाटलं, तुमच्यात चालतं."