राखीव धावपटू

"तीन महिने पळायचं नाही," डॉक्टरांनी हेमांगीला बजावलं. कोरोनाचा ताप उतरला होता, पण हृदयाला सूज राहिली होती. कॉलेजच्या संघातली तिची जागा सरांनी शरयूला दिली.

शरयू हॉस्टेलवर हेमांगीच्याच खोलीत राहायची. हेमांगीला ताप आला त्याच आठवड्यात तीही तापली होती, पण तिने ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

"तूही तपासून घे गं," हेमांगी म्हणाली.

"तीन वर्षं राखीव म्हणून बसलेय मी. कुणाजवळ बोललीस ना, तर याद राख!"

स्पर्धेच्या सकाळी हेमांगीला राहवेना. तिने सरांना सगळं सांगितलं. सर समजुतीने हसले. "जागा गेल्याचं वाईट वाटतं, कळतं मला. पण म्हणून मैत्रिणीच्या आड येऊ नये, बाळ."

पंधराशे मीटरच्या शेवटच्या फेरीत शरयू सगळ्यांच्या पुढे निघाली. रेषा ओलांडून ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली. मागच्या मुली एकेक करत आल्या, धापा टाकून सरळ झाल्या. शरयू वाकलेलीच राहिली, मग हळूच मातीवर कलंडली.

सर टाळ्या वाजवत तिच्याकडे निघाले होते. अर्ध्या वाटेतच टाळ्या थांबल्या.