पहिलं दार सोडून

वेल्डरनं कॉरिडॉरच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली आणि पहिल्या दारातली बाई बाहेर आली. रेघ तिच्या दाराच्या पुढं होती. जिना अलीकडे, तिचं दार अलीकडे. बाकीची तिन्ही दारं पलीकडे.

"दादा, चुकलं तुमचं," ती म्हणाली. "ग्रिल जिन्याच्या तोंडाशी बसवा ना. मग चारही घरं आत येतात."

वेल्डरनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर निवृत्त झाले होते, पण त्यांचा वर्ग अजून सुटला नव्हता. हाताची घडी घालून ते शेजारच्या दारात उभे होते.

"रेघ बरोबर आहे," ते म्हणाले. "मीच दाखवली."

या सरकारी वसाहतीत लोकांचा धीर सुटला होता, यात खोटं काही नाही. लिफ्टची बटणं कुणीतरी जाळून टाकली होती. जिन्यात दिवा टिकत नव्हता. खालच्या पायऱ्यांवर टोळकं बसलेलं असे आणि त्यांच्यामधून अंग चोरून वर यावं लागे. तिथंच परवा शेवटच्या घरातल्या नर्सची पर्स हिसकावली, झटापटीत तिचं मनगट मोडलं. टोळक्याचा म्होरक्या या बाईचाच मुलगा. हे सगळं खरं. पण त्याच्यासमोर या मजल्यावरच्या कुणाच्या तोंडातून कधी शब्द फुटला नव्हता. राग काढायला त्याची आई होती.

"मास्तर, मलाही आत घ्या," बाई म्हणाली. "तुम्हाला तो जिन्यात भेटतो. मला घरात भेटतो."

"मग काढा त्याला घरातून."

"गेले होते की वसाहतीच्या ऑफिसात. साहेब म्हणाले, घर तुमच्या नावावर आहे. त्याच्याविरुद्ध तक्रार केलीत तर नियमानं घरच जप्त होईल. तोही बाहेर आणि तुम्हीही. मी कुठं जाऊ मग?"

"ते आम्हाला काय विचारता?" नर्स प्लॅस्टरमधला हात सावरत बाहेर आली. तिच्या मुलीला पाळण्यात असल्यापासून या बाईनं सांभाळलं होतं. कालपर्यंत नर्स स्वतःही तिला मावशी म्हणायची. "अहो बाई, तुमचं दार आत घेतलं म्हणजे तोही आत आलाच. मग हे लोखंड काय शोभेला लावायचं?"

बाई रेघेपासून मागं सरली.

"बरं, दार राहू दे बाहेर," ती म्हणाली. "मला नुसती एक किल्ली द्या. त्याची पावलं मला ओळखू येतात. ऐकू आली की आत येऊन उभी राहीन. बसायला जागासुद्धा मागणार नाही."

वेल्डरनं ड्रिल चालू केलं आणि उत्तर द्यायची गरजच उरली नाही. भिंतीला भोकं पडली, ठिणग्या उडाल्या, बाईच्या उंबऱ्यावर काळा कीस पडला. तो तिनं झाडून काढला.

काम झालं तेव्हा वेल्डरनं कुलूप लावून दाखवलं. "आतून, बाहेरून, दोन्हीकडून उघडतं. चार किल्ल्या आल्यात बरोबर. घरामागे एक."

मास्तरांनी एक किल्ली नर्सला दिली. एक तिसऱ्या घरातल्या टेम्पोवाल्यासाठी बाजूला ठेवली, तो कामावर गेला होता. उरलेल्या दोन्ही त्यांनी स्वतःच्या खिशात टाकल्या.

"एक जादा असलेली बरी," ते म्हणाले.

वेल्डर मशीन उचलून जिना उतरला. मास्तरांनी आतून कुलूप लावलं.

खालून बाटली फुटल्याचा आवाज आला. मग कुणीतरी हसलं, आणि जिन्यातून हाक आली, "आई! ए आई!" त्या हाकेवरूनच आज काय होणार ते बाईला कळलं. ती धावत ग्रिलपाशी आली.

"अगं, उघड ना गं. थोडा वेळ. तो झोपेपर्यंत."

नर्सची किल्ली मुठीतच होती. तिनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली, नाही म्हणून. नर्स आत गेली आणि तिनं दाराची कडी लावली.

पावलं खालच्या मजल्यापर्यंत आली. बाईनं दोन्ही हातांनी गज धरले आणि सगळं अंग लावून ग्रिल हलवायला सुरुवात केली.

मास्तरांनी आधी बिजागऱ्या पाहिल्या, मग भिंतीतले बोल्ट पाहिले.

"ऐकलंस का," त्यांनी घरात बायकोला सांगितलं, "जरासुद्धा हलत नाहीये. चोख काम केलंय त्यानं."